ठमी उभीच राहत नाहीये. एक पाय पुढे, एक मागे. काय असेल?

बोरीबाभळी
रविवार, सकाळी ८.१०

मदत हवी आहे, जरा लवकर. आमची ठमी गावठी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी आहे. गणपतीत अंड्यातून निघाली, पाडव्यापासून अंडी देतेय. काल संध्याकाळी अगदी व्यवस्थित होती, आईने अंगणात सडा मारला तर ओल्या मातीत उकरत बसली होती. आज सकाळी खुराडं उघडलं तर बाकीच्या तिघी बाहेर आल्या, ही आतच. हात घालून काढली, खाली ठेवली तर उजवीकडे कलंडली. उठते, दोन पावलं टाकते, पंख टेकवून सावरते आणि मटकन बसते. बसतानाही डावा पाय पुढे ताणलेला, उजवा मागे. मान सरळ आहे. ज्वारी समोर धरली तर टिपते पण नेम चुकतो. शी हिरवट, पातळ. तुरा फिका वाटतोय. आई म्हणते ऊन लागलं.

बार्शीजवळ राहतो. सरकारी दवाखाना आज बंद. मुलगा तिला मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

नेटकर
सकाळी ८.२५

एक पाय पुढे, एक मागे म्हणजे मॅरेक्स. नेटवर फोटो टाकून बघा, सेम पोझ. हर्पीस गटातला विषाणू आहे, औषध नाही. बाकीच्या तिघींना आधीच लागण झाली असणार, कारण तो पिसांच्या कोंड्यातून पसरतो. वाईट वाटतं सांगायला, पण आशा ठेवू नका.

तांबडा_रस्सा
सकाळी ८.३१

आज रविवारच आहे. मी काय म्हणतोय ते कळलं असेल 😄

बोरीबाभळी
सकाळी ८.३४

@तांबडा_रस्सा कळलं. पोराला वाचून दाखवू का?

@नेटकर लस दिलेली नाही हे खरं. घरच्याच कोंबडीखाली निघालेली पिल्लं आहेत.

कुडाळची_काकी
सकाळी ८.५०

अगो, आधी हिला बाकीच्यांपासून वेगळी कर. हिरवी शी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे मानमोडी (राणीखेत) आली होती तेव्हा वाडीतली निम्मी खुराडी रिकामी झाली. खोकते का? चोच उघडी टाकून श्वास घेते का? मान पिळवटते का? लसूण ठेचून हळदीबरोबर दे आणि पायाला कोमट तेल चोळ.

आमच्या कोंबड्या नुसत्या भातावर वाढल्या, असले पायाबियाचे आजार कधी बघितले नाहीत.

लेअरवाला
सकाळी ९.०५

लेअरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म आहे आमचा, तासगावला. अंड्यावरच्या पक्ष्याने रात्रीत पाय सोडले तर मी आधी दोन गोष्टी बघतो. अंडं अडकलंय का, आणि कॅल्शियम संपलंय का. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून अंड्याला देते. त्यामुळे सगळ्यात चांगली अंडी देणारी कोंबडीच पहिली बसते. लेअरच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं, नुसत्या ज्वारीत त्याचा मागमूस नसतो.

गेल्या काही दिवसांत कवच पातळ येत होतं का? बिनकवचाचं अंडं पडलं होतं का? आणि शेपटी खालीवर करत, पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर लावताना दिसली का?

निवृत्त_पशुधन
सकाळी ९.४०

पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होतो, आता घरी असतो. ताई, इथे बसून निदान करता येणार नाही, पण उद्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत काय बघून ठेवायचं ते सांगतो. तोवर लसूण, हळद, तेल, उरलेली माणसांची गोळी यातलं काहीही देऊ नका. लुळी कोंबडी नीट गिळत नाही. चोचीत ओतलेलं औषध श्वासनलिकेत गेलं तर आजार राहील बाजूला आणि ती त्यानेच जाईल.

पहिला प्रश्न वयाचा, दुसरा वेगाचा. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाला थरथर सुटली तर त्याची कारणं वेगळी. तीन ते सहा महिन्यांच्या तलंगीचा एक पाय दिवसेंदिवस अशक्त होत गेला, वजन उतरलं, तर मॅरेक्सचा संशय घ्यायचा. ठमी वयाने त्या मर्यादेच्या थोडी पुढे आहे, आणि रात्रीत पडलीय. रात्रीत पडलेल्या कोंबडीत मी विषबाधा, मार, ऊन, अडकलेलं अंडं, सडकं खाल्ल्याने होणारा बॉट्युलिझम आणि रक्त पिणारे किडे, एवढ्यांचा विचार आधी करतो.

आता तिला काखेत धरा, पाय धरून उलटी लटकवू नका. मधल्या बोटाला नखाने चिमटा काढा. पाय आखडून घेतला तर जाणीव शाबूत आहे. तळवा बघा. काळी खपली आणि सूज असेल तर बंबलफूट, पण त्यात कोंबडी लंगडते, कलंडत नाही. डोळ्याचं बुबुळ दोन्हीकडे सारख्या रंगाचं आहे का, एक राखाडी झालंय का, बाहुली गोल आहे का वेडीवाकडी, ते उजेडात बघा. पोटाच्या मागच्या भागात बोटांनी हलकेच चाचपा, कडक अंडं लागतंय का. मानेवरचं एक पीस ओढा. बॉट्युलिझममध्ये पिसं अलगद हातात येतात, आणि मानही टाकलेली असते.

सगळ्यात शेवटी पंख पूर्ण उचलून खालची कातडी बघा. पिसं उलटी फुंकून. मांडीची आतली बाजूही. हे लोक बघत नाहीत.

उकिरड्यावर मेलेला उंदीर, किडे पडलेलं काही, शेजारच्या रानात फवारणी, उंदरांचं औषध, यातलं काही अलीकडे झालंय का तेही सांगा.

बोरीबाभळी
सकाळी १०.१५

काका, मनापासून आभार. जमेल तेवढं बघितलं. चिमटा काढल्यावर दोन्ही पाय ओढले, डावा जरा उशिरा. तळवे स्वच्छ. डोळे दोन्ही सारखेच तांबूस. अंडं लागत नाही. परवा अंडं दिलं होतं, कवच चांगलं जाड होतं, आई शिंपले कुटून घालते. पीस ओढलं तर ओरडली, म्हणजे पक्कं आहे. खोकला नाही, मान पिळत नाही. फवारणी नाही, शेजारचं रान पडीक आहे. उंदराचं औषध आम्ही ठेवत नाही.

पंखाखालचं बघायला दुसरं माणूस लागेल, ती फडफडते. आई देवळात गेलीय, आली की बघते.

चष्मिस
सकाळी १०.४०

कुडाळच्या काकींचं 'नुसत्या भातावर' वाचून राहवलं नाही. कोंबडीच्या पायांवर आणि भातावर तर नोबेल मिळालंय! १८९०च्या दशकात जावा बेटावर, तेव्हाच्या बटाव्हियात, ख्रिस्तियान आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगाच्या कोंबड्या अचानक झोकांड्या खायला लागल्या, मग पाय लुळे. जंतू काही सापडेना. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पॉलिशचा पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने सरकारी भात कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, मग पुन्हा साधा बिनपॉलिशचा तांदूळ सुरू झाला आणि पाय परत आले. कोंड्यातल्या ब१ जीवनसत्त्वाची गोष्ट आहे ही. १९२९ चं नोबेल.

काकी, तुमच्या कोंबड्या दिवसभर परसात किडे, गवत, शेण उकरून खातात म्हणून टिकल्या. बंद जाळीत ठेवून भातच घातला असतात तर दिसलं असतं.

कुडाळची_काकी
सकाळी १०.५२

खरा आहे तुझा. परसातच असतात त्या दिवसभर. तो आचारी मात्र आमच्यातलोच असतलो, भात फुकट जाऊक देणारो नाय.

डॅलसकर
सकाळी ११.२०

इकडे टेक्सासमध्ये माझ्याकडेही अंगणात कोंबड्या आहेत. पिल्लं मागवताना हॅचरी विचारते, मॅरेक्सची लस टोचून देऊ का? पहिल्याच दिवशी द्यावी लागते, नंतर देऊन फारसा उपयोग नाही. आणि लस दिली तरी विषाणू अंगात येतोच, फक्त गाठी आणि लुळेपण टळतं. त्यामुळे @नेटकर यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही.

निदान काहीही निघो, पडून राहिलेल्या कोंबडीची छाती आणि टाचा सोलवटतात. पोत्याच्या किंवा जुन्या चादरीच्या तुकड्याला पायांसाठी दोन भोकं पाडा, चार टोकं खुर्चीच्या चार पायांना बांधा आणि तिला त्या झोळीत बसवा. पाय खाली लोंबकळतील, बोटं जमिनीला जेमतेम टेकतील एवढी उंची. शी खालच्या कागदावर पडते. पाणी आणि दाणा चोचीच्या उंचीवर बांधायचा. दिवसातून काही वेळ झोळीतून काढून दुसऱ्या कुशीवर ठेवायचं.

आणि भारतात सगळे व्हिमेरल हे जीवनसत्त्वांचं टॉनिक द्यायला सांगतात. चांगलंच आहे, पण त्यात अ, ड३, ई आणि ब१२ असतं. ब१, ब२ साठी वेगळं बी-कॉम्प्लेक्स लागतं. बाटलीवरचं वाचून घ्या.

बोरीबाभळी
सकाळी ११.५५

झोळी झाली! मुलाने आजोबांच्या जुन्या धोतराची केली. ठमी खुर्चीखाली लोंबकळत सगळ्यांकडे बघतेय.

आई आली. पंख उचलला. दोन्ही पंखांखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला काळपट जांभळे दाणे चिकटलेत, मोहरीएवढे. भोवती कातडीवर लाल-काळे डाग, मुका मार लागल्यासारखे. आधी मला खपल्या वाटल्या. भिंगातून बघितलं तर पाय आहेत! बरेच आहेत, उजव्या पंखाखाली तर ओळीने. उवा असतील तर पळतील ना? हे जागचे हलत नाहीत.

निवृत्त_पशुधन
दुपारी १२.१०

पाय मोजा. सहा दिसले तर गोचिडाची पिल्लं आहेत ती. मोठ्या गोचिडाला आठ असतात.

कोंबडीचा गोचीड गाई-म्हशीच्या गोचिडापेक्षा वेगळा. मोठे गोचीड दिवसा कोंबडीवर सापडतच नाहीत. ते भिंतीच्या भेगेत, लाकडाच्या सालीखाली, खुराड्याच्या सांध्यात लपून बसतात, रात्री बाहेर येतात, अर्धा-पाऊण तास रक्त पितात आणि परत भेगेत. म्हणून दिवसा कोंबडी तपासली की लोक म्हणतात अंग स्वच्छ आहे. पिल्लं मात्र पाच-दहा दिवस अंगाला चिकटून राहतात, आणि जागा ठरलेली, पंखाखाली. कोरड्या उष्ण भागात हा प्रकार जास्त. आपल्या सोलापूर, धाराशिव, बीडच्या बाजूला उन्हाळ्यात भरपूर बघितला.

तो दोन प्रकारे पाय घालवतो. एक, पिल्लांच्या लाळेतलं विष. त्याने पायापासून लुळेपण वर चढतं, आणि पिल्लं काढली की बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत उतरतं. दोन, गोचिडातून रक्तात जाणारा नागमोडी जंतू. त्याने ताप, हिरवी शी, फिका तुरा, झोकांड्या, मग लुळेपण. तुम्ही सांगितलेली हिरवी शी आणि तुरा मला या दुसऱ्याकडे नेतात. त्याला साधं पेनिसिलिन चालतं, पण डोस वजनावर असतो आणि इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं, इथे लिहिणार नाही. शिवाय निव्वळ रक्त पिऊनही इतके गोचीड कोंबडी पांढरी पाडतात.

आता चिमट्याने एकेक पिल्लू कातडीलगत धरून सरळ ओढा. पिरगळू नका. रॉकेल लावू नका. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका, दोन-तीन डबीत जिवंत ठेवा, डॉक्टरांना दाखवायला. मग रात्री दहानंतर टॉर्च घेऊन खुराडं बघा. खुराडं कशाचं आहे?

बोरीबाभळी
दुपारी १२.२२

सहाच आहेत. बाई गं.

खुराडं जुन्या गोठ्याच्या दगडमातीच्या भिंतीला लागून आहे. तीन बाजू फळ्यांच्या, चौथी ती भिंतच.

निवृत्त_पशुधन
दुपारी १२.२५

मग बघाच रात्री.

लेअरवाला
दुपारी १.००

पिंजऱ्यात पक्षी ठेवतो म्हणून हा शत्रू मी फारसा बघितलेला नाही, पण वडील सांगायचे. एक कळकळीची विनंती, घरात कपाशीचं किंवा डाळिंबाचं फवारणीचं औषध असेल तर ते कोंबडीच्या अंगाला लावू नका, त्यात बुडवून काढू नका. आमच्या गावात एकाने ते केलं. त्या औषधाने लाळ, थरथर, धाप आणि लुळे पायच येतात. मग कळत नाही की गोचिडाने पाडली का औषधाने.

बोरीबाभळी
रात्री ११.०५

अंगावर काटा आलाय. झोप येणार नाही म्हणून लिहितेय.

बाकीच्या तिघी दांडीवर झोपल्या होत्या. टॉर्च आधी बंद ठेवला, मग एकदम लावला. भिंतीवरून खाली येणारी रांगच. चपटे, अंडाकृती, करड्या रंगाचे, कडेला सुरकुत्या. दांडीच्या टोकाकडून कोंबड्यांच्या पायांवर. आमची लंगडी जुनी कोंबडी आहे तिच्या पायावर दोन फुगलेले, निळसर. उजेड पडल्यावर सगळे भेगेकडे परत फिरले, अजिबात घाई न करता. एक चपलेने चिरडला तर जोत्यावर रक्ताचा डाग पडला. आमच्याच कोंबड्यांचं रक्त.

तिघींना उचलून आणलं, न्हाणीघरात फरशीवर ठेवल्यात. तिघींच्याही पंखाखाली थोडी थोडी पिल्लं आहेत, पण चालतात नीट. आई म्हणते या गोठ्यात आजीच्या काळापासून कोंबड्या नीट बसत नसत, दृष्ट लागते म्हणून लिंबू-मिरची बांधायचे.

तांबडा_रस्सा
रात्री ११.२०

ताई, सकाळच्या कमेंटबद्दल माफी. आमच्या मामाच्या गावाला पण कोंबड्या अशाच बसायच्या आणि आम्ही त्या खायचो. आता विचार करतोय.

निवृत्त_पशुधन
सोमवार, सकाळी ७.१५

@तांबडा_रस्सा आजारी कोंबडी खाऊ नये. कशाने पडली ते माहीत नसताना तर मुळीच नाही. विषाने पडली असली तर ते विष मांसात असतं. बर्ड फ्लूचीही आठवण ठेवा. आपल्याकडे तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला सापडला. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. १९६२ हा खात्याचा फोन आहे. ठमीचं चित्र तसं नाही, बाकीच्या तिघी ठणठणीत आहेत.

बोरीबाभळी
सोमवार, दुपारी २.३०

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर तरुण आहेत, कोंबडी घेऊन आलेलं बघून आधी हसले, डबी बघितल्यावर गंभीर झाले. ताप आहे म्हणाले. कोंबडीचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं हे मला माहीत नव्हतं, ठमीचं त्याहून बरंच वर होतं. पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मुलाला बोलावून दाखवलं. बारीक नागमोडी धागे. मुलाच्या मते ते 'स्प्रिंगसारखे' आहेत. काका, दुसरा प्रकारच निघाला!

पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, पुढचीही ठरवून दिलीत. औषध चालू असेपर्यंत आणि नंतर त्यांनी सांगितलेले दिवस होईपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. हा जंतू पक्ष्यांचा आहे, माणसाला होत नाही असं म्हणाले. गोचीड मात्र माणसालाही चावू शकतो, त्यामुळे गोठ्यात खाट टाकायची नाही. बाबा उन्हाळ्यात तिथेच झोपतात.

नेटकर
सोमवार, दुपारी ३.१०

चांगलं झालं. पण स्लाइडमध्ये जंतू दिसले म्हणून मॅरेक्स नाही असं कसं म्हणता येईल? दोन्ही असू शकतात. ती पाय पसरण्याची पोझ तंतोतंत तीच होती.

निवृत्त_पशुधन
सोमवार, संध्याकाळी ६.००

दोन्ही असू शकतात हे बरोबर. पण ती पोझ मॅरेक्सची मालकी नाही. एका बाजूची नस कशानेही ढिली पडली की पाय तसाच पडणार. मार लागून, मुंगसाच्या झटापटीत कंबर दुखावून, अंड्याच्या दाबाने, सगळ्यानी. फोटो जुळला म्हणून रोग जुळत नाही.

मॅरेक्स पक्का ठरतो तो शवविच्छेदनात. मांडीचा आतला स्नायू बाजूला केला की मोठी नस दिसते. निरोगी नस पांढरी, चमकदार, तिच्यावर बारीक आडव्या रेषा. आजारी नस दुप्पट-तिप्पट जाड, पिवळट राखाडी, रेषा गेलेल्या. दोन्ही पायांची बाजूबाजूला ठेवून बघायची, कारण बऱ्याचदा एकीकडची जास्त सुजलेली असते. योसेफ मारेक नावाच्या बुडापेस्टच्या पशुवैद्याने १९०७ मध्ये पहिलं वर्णन केलं ते चार लुळ्या नर कोंबड्यांवरून, आणि त्यानेही नसाच उघडून बघितल्या. जिवंत ठमीची नस बघायची घाई आपल्याला नाही.

आणखी एक. मॅरेक्समध्ये एक तात्पुरतं लुळेपणही असतं, एक-दोन दिवसांत आपोआप जातं. त्यामुळे उद्या ठमी उठली तर तेवढ्यावरून माझं म्हणणं सिद्ध होतं असंही नाही. सिद्ध झालं ते काचपट्टीवर.

नेटकर
सोमवार, संध्याकाळी ६.२०

मान्य. हे नसांचं कुठे वाचायला मिळत नाही.

बोरीबाभळी
मंगळवार, रात्री ९.००

ठमी झोळीतून काढल्यावर टाचांवर बसली आणि मुलाच्या हातातली भाकरी नेम धरून टिपली. नेम परत आलाय! शी घट्ट होतेय. चालत नाही अजून.

आता खुराड्याचं सांगा. बाबा म्हणतात महिनाभर कोंबड्या न्हाणीत ठेवू, गोचीड उपाशी मरतील.

निवृत्त_पशुधन
मंगळवार, रात्री ९.४५

महिन्याने त्यांना काही होत नाही. मोठा गोचीड उपाशीपोटी वर्ष-दोन वर्षं सहज काढतो. रिकामं खुराडं बघून नवी पिल्लं आणणारे यातच फसतात.

त्या भिंतीपासून कोंबड्या तोडा, हे पहिलं. फळ्यांचं खुराडं पाडून जाळा, त्या फळ्या दुसऱ्या कशाला वापरू नका, कुणाला देऊही नका. तूस, शेण, पेंढा सगळं जाळा. भिंतीवर ब्लो लॅम्प फिरवा. भेगेत ज्योत आत गेली पाहिजे, नुसती वरून दाखवून उपयोग नाही. गवताचं छप्पर जवळ असेल तर हे करूच नका. मग भेगा सिमेंटने बुजवा आणि वरून चुन्याचे दोन हात. फवारणीचं औषध डॉक्टर लिहून देतील, ते भिंतीला, कोंबड्या आत नसताना. अंड्यातून नवी पिल्लं निघतात म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा.

नवं खुराडं भिंतीपासून सुटं, चार लोखंडी पायांवर, जाळीचं. दांडी गोल, साल काढलेली, पाइपची असली तर उत्तम. पायांखाली जळकं ऑइल घातलेले डबे ठेवा, गोचीड ते ओलांडत नाही. डब्यांवर जाळी टाका, नाहीतर कोंबडी त्यात चोच घालेल.

लेअरवाला
मंगळवार, रात्री १०.१०

राखेत लोळू दिलं तर? आमच्याकडे उवांसाठी राख-माती चालते.

निवृत्त_पशुधन
मंगळवार, रात्री १०.१८

उवांसाठी चालते, कारण ऊ कोंबडीवरच राहते. गोचीड राहतो भिंतीत. राख कोंबडीवर, चोर भिंतीत.

बोरीबाभळी
शनिवार, संध्याकाळी ७.३०

खुराडं जाळलं. फळ्या पेटल्यावर तडतड आवाज येत होता, तो लाकडाचा नव्हता एवढंच सांगते. बाबांनी गवंडी बोलावून भिंत गुळगुळीत करून घेतली. आईने लिंबू-मिरची नव्या जाळीला पण बांधलीच, म्हटलं बांध.

ठमी चालतेय. डावा पाय जरा फेकल्यासारखा टाकते, डॉक्टर म्हणतात जाईल हळूहळू, किंवा थोडं राहीलही. काल लंगडीला टोचून दाण्यावरून हाकललं. तुरा लाल व्हायला लागलाय. अंडं नाही अजून.

काका, डॅलसकर, लेअरवाला, सगळ्यांचे आभार. @नेटकर तुमचेही, तुमच्यामुळे पुढची पिल्लं लस दिलेली आणायचं ठरलं.

निवृत्त_पशुधन
शनिवार, रात्री ८.००

उत्तम. पिल्लं आणलीत की मानमोडीचीही लस विसरू नका. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात लसोटा लसीचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. पुण्याला औंधला खात्याच्याच संस्थेत लस बनते, दवाखान्यात चौकशी करा. चार-पाच घरांनी मिळून घ्या, कुपी फोडली की लगेच वापरावी लागते.

कुडाळची_काकी
रविवार, सकाळी ९.१५

ठमीचं वाचून बरं वाटलं हो. धागा वर आलाच आहे तर विचारते. माझ्याकडे दहा-बारा दिवसांची पिल्लं आहेत, त्यातल्या दोघांची पायाची बोटं आत मुठीसारखी वळलीत आणि ती टाचांवर चालतात. पंखाखाली बघितलं, काही नाही. यावेळी पाऊस आला म्हणून त्यांना बाहेर सोडलं नव्हतं, आत कण्याच घालत होते. चष्मिस, हसू नको.

चष्मिस
रविवार, सकाळी ९.२२

हसलो नाही काकी. थोडासा.

निवृत्त_पशुधन
रविवार, सकाळी ९.५०

वळलेल्या बोटांवर तोल सांभाळून नीट पळत असती तर जन्मजात वाकडी बोटं म्हटलं असतं. टाचांवर बसतात म्हटल्यावर ब२ कमी पडलंय असं धरा. बी-कॉम्प्लेक्सचे थेंब पाण्यात द्या, प्रमाण बाटलीवर असतं. पाणी रोज बदला आणि सावलीत ठेवा, ब२ उन्हात टिकत नाही. जोडीला चिकस्टार्टर खाद्य सुरू करा, दुधाची पावडर चिमूटभर खाद्यात. लवकर दिलं तर पाय येतात, उशीर झाला तर नस कायमची जाते, म्हणून आजच.

बोटं हलकेच सरळ करून पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर पसरा आणि चिकटपट्टीने बसवा. दोन-तीन दिवस राहू द्या, रोज बघा, सूज आली तर सोडा.

कुडाळची_काकी
रविवार, सकाळी ९.५८

चिकटपट्टी कुठली? वह्यांना लावतात ती चालेल?

निवृत्त_पशुधन
रविवार, सकाळी १०.०१

ती नको, कातडी सोलते. मेडिकलमध्ये कागदी पट्टी मागा, सलाईन लावताना लावतात ती. पाव इंची मिळाली तर बरी, नाहीतर उभी कापून घ्या.

कुडाळची_काकी
रविवार, सकाळी १०.०४

नातवाला पाठवते. बाजार उठायच्या आत.